रंगाचे बीज कोठे ठेवायचे? घरच्या डार्करूममधील रंगीत छायाचित्रांची कथा

१९८० च्या सुमाराचा घरगुती अल्बम उघडून पाहावा. लग्न, बारसे, सहल, शाळेचे स्नेहसंमेलन. बहुतेक पानांवर चेहरे तांबूस झालेले दिसतात, झाडांची हिरवाई मातकट होते आणि छायाचित्रांचे पांढरे काठ पिवळट पडतात. त्याच कपाटात त्याहून तीस वर्षे जुनी कृष्णधवल छायाचित्रे मात्र पुष्कळदा शाबूत असतात. ‘जुने झाले म्हणून विटले’ हे उत्तर येथे पुरत नाही. रंगीत असल्यामुळे विटले, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३९ ते १९४४ या काळात काढलेल्या कोडाक्रोम स्लाइड आहेत आणि त्यांतील लाल, निळे रंग आजही पाहणाऱ्याला चकित करतात. चाळीस वर्षे आधीचे रंग टिकले आणि नंतरचे उडाले, हा उलटा न्याय कसा घडला?

याचे उत्तर एका साध्या प्रश्नात दडलेले आहे. रंग ज्यापासून तयार होतो तो रेणू फिल्मच्या व कागदाच्या थरातच ठेवायचा, की बाहेर, धुण्याच्या द्रावणात? पहिला मार्ग घेतला तर छायाचित्र घरच्या मोरीतही धुता येते. दुसरा घेतला तर कारखान्यावाचून गत्यंतर नाही. विसाव्या शतकातील रंगीत छायाचित्रणाचा बराचसा इतिहास या निवडीभोवती फिरतो.

प्रथम रसायन पाहू. कृष्णधवल छायाचित्रात प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांना डेव्हलपर इलेक्ट्रॉन देतो आणि काळी धातुरूप चांदी तयार होते. हे करताना डेव्हलपरचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते. कृष्णधवल कामात हा वापरून झालेला डेव्हलपर म्हणजे निव्वळ गाळ. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ फिशर या रसायनज्ञाने १९११-१२ च्या सुमारास याच टाकाऊ पदार्थात रंग पाहिला. पॅरा-फिनिलीनडायअमीन या कुळातील डेव्हलपर वापरला तर त्याचे ऑक्सिडीकरण झालेले रूप दुसऱ्या एका रेणूशी जोडले जाते आणि त्या जोडणीतून रंगद्रव्य जन्माला येते. या दुसऱ्या रेणूला कपलर म्हणतात. कपलर कोणता, यावर रंग पिवळा, मॅजेंटा की सायन हे ठरते. जेथे जितकी चांदी तयार होईल तेथे तितकाच रंग तयार होतो. नंतर चांदी विरघळवून काढून टाकायची; मागे उरतो तो केवळ रंग. रंगीत कॉपीत चांदीचा मागमूस राहत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. चांदीने आपला आकार रंगाला देऊन निघून जायचे, असा हा व्यवहार आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक घरगुती उदाहरण देण्याजोगे आहे. केसांना लावायच्या रासायनिक कलपातही हेच कूळ असते आणि रीतही हीच. तेथे ऑक्सिडीकरणाचे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते व कपलर म्हणून रिसॉर्सिनॉलसारखे पदार्थ असतात. कलपाने काहींच्या त्वचेला पुरळ उठते. रंगीत डेव्हलपर उघड्या हातांनी हाताळणाऱ्यांनाही तसाच त्रास होत असे.

फिशरची कल्पना अचूक होती, पण ती कागदावरच राहिली. तीन रंगांसाठी जिलेटिनचे तीन थर एकावर एक हवेत आणि प्रत्येकात आपापला कपलर हवा. जिलेटिन ओले झाले की कपलरचे लहान रेणू एका थरातून दुसऱ्यात भटकत आणि सगळ्या रंगांचा चिखल होई. या भटक्या रेणूंना जागेवर कसे रोखायचे, या एका अडचणीपायी पुढची सुमारे वीस वर्षे गेली.

ती कोंडी फोडणारे पहिले दोघे रसायनज्ञ नव्हते, संगीतकार होते. लिओपोल्ड मॅन्स पियानो वाजवी आणि लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिन. दोघेही न्यूयॉर्कचे, शाळेपासूनचे मित्र. १९१७ मध्ये त्यांनी ‘अवर नेव्ही’ नावाचा रंगीत म्हणवला जाणारा चित्रपट पाहिला, त्यातील रंग त्यांना मुळीच पटले नाहीत आणि आपण याहून बरे करू शकतो असे शाळकरी वयाला शोभणारे ठरवून त्यांनी प्रयोग आरंभले. ते शाळेच्या प्रयोगशाळेत चालले, पुढे घरच्या स्नानगृहात आणि स्वयंपाकघरात. कॉलेज झाले, संगीताचे कार्यक्रम आणि शिकवण्या सुरू झाल्या, तरी हा नाद सुटला नाही. १९२२ च्या सुमारास कून, लोब अँड कंपनी या बँकिंग पेढीच्या भागीदाराशी मॅन्सची जहाजावर ओळख झाली आणि पेढीने आपला एक तरुण माणूस त्यांचे काम पाहण्यास धाडला. त्या दिवशी घरात गारठा होता, द्रावणे थंड पडली होती आणि प्लेटवर रंग उमटायला नको तितका वेळ लागत होता. पाहुणा कंटाळू नये म्हणून दोघांनी त्याला पियानो-व्हायोलिन ऐकवले. अखेर रंग उमटले आणि वीस हजार डॉलरचे कर्ज मिळाले. तो तरुण माणूस म्हणजे लुईस स्ट्रॉस. पुढे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष आणि ओपेनहायमर यांचा प्रतिस्पर्धी म्हणून जगाला माहीत झालेला.

१९३० मध्ये हे दोघे रॉचेस्टरला, कोडॅकच्या संशोधनशाळेत दाखल झाले. त्यांच्या पद्धतीत विरंजक द्रावण फिल्मच्या वरच्या थरांतच नेमके मुरू द्यायचे आणि खालच्या थराला स्पर्श होण्याआधी थांबवायचे असे. त्यामुळे सेकंदांना महत्त्व होते आणि अंधारात घड्याळ दिसत नसे. म्हणून ते ब्राह्म्सच्या सी मायनर सिंफनीचा शेवटचा भाग सेकंदाला दोन ठोके या लयीत शिट्टीवर वाजवीत आणि त्यावर वेळ मोजीत. प्रयोगशाळेतल्या इतरांना याची गंमत वाटली असणारच; पण तालमीत मुरलेल्या माणसाची लय स्वस्त घड्याळाहून भरवशाची असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही तबलजीला पटेल.

कपलर भटकतात ना, मग ते फिल्ममध्ये ठेवायचेच नाहीत, हा त्यांचा तोडगा होता. फिल्मच्या थरांत केवळ सिल्व्हर हॅलाइड. तिन्ही कपलर तीन वेगवेगळ्या डेव्हलपर द्रावणांत, पाळीपाळीने. १५ एप्रिल १९३५ रोजी कोडाक्रोम चलत्चित्र फिल्म म्हणून बाजारात आली आणि पुढच्या वर्षी स्थिर छायाचित्रांसाठी. प्रारंभी ती धुण्यास २८ टप्पे आणि सुमारे साडेतीन तास लागत. स्वयंपाकघरात जन्मलेल्या या शोधाला पुन्हा कोणत्याही स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. ग्राहकाने रोल काढायचा, टपालाने कारखान्याकडे धाडायचा आणि स्लाइड परत येण्याची वाट पाहायची. धुलाईचे पैसे फिल्मच्या किमतीतच वसूल केलेले असत.

दुसरा मार्ग जर्मनीत निघाला. वोल्फेन येथील आग्फाच्या कारखान्यात विल्हेल्म श्नायडर आणि गुस्ताव विल्मान्स यांनी कपलरच्या रेणूला कार्बनची लांबलचक साखळी जोडली. साखळी जिलेटिनमध्ये अडकून बसे आणि कपलर आपल्या थरातून हलत नसे. १९३६ च्या अखेरीस आलेली आग्फाकलर फिल्म एकाच रंगीत डेव्हलपरमध्ये धुता येई. तिन्ही रंग एकदम उमटत. कोडॅकने याच हेतूसाठी वेगळी युक्ती काढली: कपलर तेलाच्या सूक्ष्म थेंबांत विरघळवायचे आणि ते थेंब जिलेटिनमध्ये विखरायचे. १९४२ ची कोडाकलर फिल्म या तत्त्वावर होती आणि पुढच्या काळातील बहुतेक रंगीत फिल्म व कागद तिचेच वारस आहेत.

१९४५ मध्ये जर्मनी पडल्यावर आग्फाची पेटंटे आणि कृती दोस्त राष्ट्रांनी युद्धलूट म्हणून खुल्या केल्या. त्यांतूनच रशियात, इटलीत, बेल्जियममध्ये, जपानमध्ये नवनवी ‘कलर’ नावे उगवली. १९५० आणि ६० च्या दशकांतील हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘गेवाकलर’ हे नाव दिसते. ती बेल्जियमच्या गेव्हार्ट कंपनीची फिल्म, वोल्फेनच्या लांब साखळीची नातलग.

घरच्या डार्करूमचे दार मात्र कायद्याने उघडले. अमेरिकेत फिल्म आणि धुलाई एकत्रच विकण्याच्या पद्धतीवर मक्तेदारीविरोधी कारवाई झाली आणि १९५४ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार कोडॅकला धुलाईची किंमत फिल्मपासून वेगळी करावी लागली; आपली प्रक्रिया इतरांना परवान्याने देणेही भाग पडले. लगोलग, १९५५ मध्ये, ‘टाइप सी’ नावाचा रंगीत छपाईचा कागद खुल्या विक्रीस आला. कलादालनांत रंगीत छायाचित्राला आजही ‘सी-प्रिंट’ म्हणतात ते त्यावरून.

आता हौशी माणसाच्या वाट्याला काय आले ते पाहू. कृष्णधवल छपाई करणाऱ्याला लाल दिव्याची सोबत असते. ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उगवताना तो पाहू शकतो. रंगीत कागद तिन्ही रंगांना संवेदनशील, म्हणून तो सुख हिरावून घेतो. फार तर एक अतिमंद पिवळट-तपकिरी दिवा चालतो, तोही क्षणकाल. बहुतेक काम ठार अंधारात चाचपडत. एन्लार्जरखाली कागद ठेवायचा, प्रकाश द्यायचा, कागद गुंडाळून झाकणाच्या नळकांडीत घालायचा आणि मगच दिवा लावायचा. त्या ड्रममध्ये डेव्हलपर ओतून तो टेबलावर किंवा मोटरवर सतत फिरवायचा, मग तो ओतून देऊन ब्लीच-फिक्स, मग धुणे. ईपी-२ या १९७०-८० च्या दशकांतील प्रक्रियेत डेव्हलपर सुमारे ३३ अंश सेल्सिअसला साडेतीन मिनिटे आणि ब्लीच-फिक्स दीड मिनिट. नंतरच्या आरए-४ मध्ये ३५ अंशांना प्रत्येकी ४५ सेकंद. अर्ध्या अंशाचा फरक रंगात दिसे. युरोपातल्या हौशी माणसाला हे तापमान राखण्यासाठी गरम पाण्याचे टब मांडावे लागत. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तितकी तापलेली असते, आणि कृष्णधवल डेव्हलपर २० अंशांवर आणायला बर्फ लागतो; रंगीत रसायनांना मात्र आपला उन्हाळा सोसतो, ही एक गमतीची बाब.

खरी परीक्षा छटेची. लॅबच्या लिफाफ्यात छायाचित्रांसोबत नारिंगी-तपकिरी निगेटिव्ह पट्ट्या मिळत, त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हा नारिंगी रंग का, असे वाटलेच असेल. तो दोष नाही, दुरुस्ती आहे. मॅजेंटा रंगद्रव्याने केवळ हिरवा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते, पण ते थोडा निळाही खाते. सायनही असाच आगाऊपणा करते. १९४० च्या दशकात कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी मुळातच रंगीत असलेले कपलर वापरले. जेथे रंगद्रव्य तयार होते तेथे कपलरचा आपला रंग नष्ट होतो, जेथे होत नाही तेथे तो राहतो. परिणामी नको असलेले शोषण सर्वत्र सारखे पसरते आणि छपाईच्या वेळी एका ठरावीक गाळणीने ते काढून टाकता येते. चुकीला चुकीनेच समान करून बाद करण्याची ही रीत मला रंगीत छायाचित्रणातील सर्वांत देखणी कल्पना वाटते.

त्या गाळण्या, म्हणजे पिवळ्या व मॅजेंटा फिल्टरच्या पायऱ्या, एन्लार्जरमध्ये बदलत छटा साधायची. येथे नवशिक्याची बुद्धी हमखास उलटी चालते. कॉपी फार मॅजेंटा आली तर मॅजेंटा फिल्टर कमी नव्हे, वाढवायचा. कारण कागद निगेटिव्ह आहे, ज्या प्रकाशाची कपात होते त्याच्या प्रतिरंगाचे द्रव्य कमी तयार होते. त्यातून ओली कॉपी निळसर भासते, म्हणून ती केस वाळवायच्या यंत्राने सुकवल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. पिवळ्या बल्बखाली सुरेख वाटलेली कॉपी सकाळच्या उजेडात भलतीच निघते. एका समाधानकारक छायाचित्रासाठी पाच-सहा कागद वाया जाणे नवलाचे नव्हते. मग लोक हे का करीत? कारण लॅबचे यंत्र सगळ्या निगेटिव्हची सरासरी काढून सगळे आकाश एकाच निळ्याचे करी. सायंकाळचा उजेड सायंकाळचाच राहू देणारा निर्णय माणसाला घ्यावा लागे.

स्लाइडवरून थेट कॉपी काढण्यासाठी सिबाक्रोम नावाचा आणखी एक मार्ग १९६३ पासून होता. त्यात रंग आधीच कागदात भरलेले असत आणि छपाईत नको तेथील रंग नष्ट केले जात. रंग पक्के, विटत नसत. पण विरंजक इतके तीव्र आम्ल की मोरीत ओतण्यापूर्वी ते उदासीन करावे लागे.

भारतात रंगीत छपाई घरी करणारे मूठभरच राहिले. १९६० मध्ये उटी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने १९६७ पासून ‘इंदू’ नावाने उत्पादन सुरू केले, पण तिचा मुख्य भर कृष्णधवल आणि क्ष-किरण फिल्मवर होता. रंगीत कागद व रसायने परदेशी आणि महाग. स्टुडिओतले कलाकार कृष्णधवल छायाचित्रांवर ब्रशने रंग भरीत. ती कला आपल्याकडे दीर्घकाळ टिकली. मग जपानी मिनीलॅब यंत्रे आली आणि रोल धुवायला टाकून संध्याकाळी कॉप्या घेऊन जाण्याची सवय जडली. मधला टप्पा, स्वतःच्या हाताने रंग जुळवण्याचा, बहुतेक घरांनी पाहिलाच नाही. अल्बममात्र भरत गेले.

आणि येथे आपण आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. थरात बसवलेल्या कपलरपासून तयार झालेली त्या काळातील रंगद्रव्ये अंधारातही हळूहळू विघटित होत. सर्वांत दुबळे सायन. सायन गेले की उरतात मॅजेंटा आणि पिवळा, म्हणजेच लाल. चेहरे तांबूस दिसतात ते यामुळे. शिवाय प्रत्येक कॉपीत न वापरले गेलेले कपलर शिल्लक राहतात. त्यांतील मॅजेंटाचा कपलर वर्षानुवर्षे पिवळा पडत जातो. पांढऱ्या काठांचा पिवळेपणा बराचसा तोच. उष्णता आणि दमट हवा या दोहोंनी ही क्रिया वेगावते, आणि आपल्या देशात दोन्हींची वाण नाही. कोडाक्रोममध्ये कपलर द्रावणातून आले आणि द्रावणासोबतच निघून गेले. फिल्ममध्ये पिवळे पडायला काही उरलेच नाही, आणि १९३८ मध्ये प्रक्रिया सुधारल्यानंतरची तिची रंगद्रव्येही अंधारात फार टिकाऊ ठरली. मात्र हीच स्लाइड प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे वारंवार धरली तर तिचे रंग इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात, हेही सांगायला हवे.

चित्रपटांवरही हेच संकट आले. १९८० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी रंग विटण्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना रंगीत प्रती थंड, कोरड्या कोठारात ठेवाव्या लागतात त्या याच रसायनामुळे. घरच्या अल्बमला असे कोठार नाही. ज्यांच्याकडे जुन्या कॉप्या आहेत त्यांनी त्या भिंतीवरून व माळ्यावरून उतरवून घरातील सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवाव्यात, निगेटिव्ह फेकू नयेत आणि स्कॅन लवकर करून घ्यावे. विटलेल्या सायनचा थोडा अंश शिल्लक असेल तोवर संगणक तो वाढवून रंग परत आणू शकतो. पूर्ण नाहीसा झाला की संगणकाला केवळ अंदाज करावा लागतो.

नंतरच्या कागदांत अधिक टिकाऊ सायन कपलर आले. लॅबमध्ये मिळणाऱ्या ‘डिजिटल’ प्रिंटपैकी कित्येक आजही रंगीत लेझरने प्रकाशित करून आरए-४ मध्येच धुतलेल्या असतात. फिशरचे तत्त्व लग्नाच्या अल्बमांत अजून नांदते आहे.

कोडाक्रोमचे उत्पादन थांबवल्याची घोषणा २००९ मध्ये झाली. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. त्यातील काही छायाचित्रे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये टिपली, काही भारतात, राजस्थानच्या रबारी लोकांत आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत. २०१० मध्ये तो रोल अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावच्या लॅबमध्ये धुतला गेला. कोडाक्रोम धुणारी ती जगातील शेवटची लॅब. त्या वर्षाच्या अखेरीस तिनेही हे काम बंद केले. एखाद्या जुन्या कॅमेऱ्यात विसरलेला साधा रंगीत रोल आज सापडला तर तो धुऊन निदान फिकट रंग तरी मिळतात, कारण त्याचे कपलर त्याच्यातच आहेत. न धुतलेला कोडाक्रोम रोल सापडला तर तो कृष्णधवल फिल्म म्हणूनच धुवावा लागतो. चांदीची प्रतिमा उमटते. तिला रंग देणारी ती तीन द्रावणे आता कोणत्याही लॅबच्या फळीवर नाहीत.